डाव्याची जागा

डाव्या गेला त्या सकाळी मी सगळ्यात आधी कुरणाच्या फाटकाला कुलूप घातलं. मेलेलं जनावर उचलून न्यायला आलेला गाडीवाला आत होता आणि भलताच घाईत होता. मदतीला म्हणून आलेले जावई त्याच्याहून घाईत. "आई, दुसऱ्या घोड्याला तबेल्यात कोंडू या. त्याने हे बघायला नको," असं त्यांचं चाललेलं. मी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि म्हटलं, "उजव्याचं बघून होईपर्यंत कुणी कुठे जायचं नाही. ज्याच्या शेजारी आयुष्य काढलं तो कुठे गेला, हे त्याला कळायला नको? उद्या मी गेले की माझ्या लेकीलाही असंच कोंडून ठेवणार आहात का?"

जावई बाजूला सरकले. तसा माणूस वाईट नाही. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना दुपारच्या जेवणाआधी उरकून टाकायची असते.

उजव्या आला. आधी लांबूनच फुरफुरला, मग जवळ येऊन डाव्याच्या मानेवर नाक टेकवलं. एकदा ढकलून पाहिलं. आयाळीत तोंड खुपसून थोडा वेळ उभा राहिला. पुन्हा ढकललं, या खेपेला जरा जोराने, 'ऊठ की आता' म्हणावं तसं. शेवटी मागे सरला आणि तिकडे पाठ करून उभा राहिला. तेव्हा मी कुलूप काढलं. गाडीवाल्याची घाई एव्हाना संपली होती. जाताना त्याने गाडी अगदी हळू काढली.

मला रडू आलं. लपवू कशाला? म्हाताऱ्या घोड्यासाठी मी भर रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडले. समोरच्या घरातली बाई पडद्याआडून बघत होती, तिलाही मनसोक्त बघू दिलं.

घोड्यांची ही कसली नावं, असं लोक विचारतात, म्हणून सांगून टाकते. मी धुलाईखान्यात इस्त्रीवर होते आणि आमचे हे त्याच धुलाईखान्याची गाडी हाकायचे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी मळक्या आणायच्या आणि धुतलेल्या पोचवायच्या. गाडीला ही जोडी. आता मोठ्या चादरीची घडी घालायची तर दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात. एकीने "डावं टोक" म्हटलं की ते बोलणारीचं डावं, समोरचीने निमूट आपलं उजवं उचलायचं. हा आमच्या इस्त्रीखोलीचा कायदा. चुकलं की चादरीला पीळ पडायचा आणि मुकादमीण आमचा उद्धार करायची. घोड्यांना चारा घालायचे तीही मीच. कायदा तोच लावला. डाव्या हाताला येतो तो डाव्या, उजव्या हाताला येतो तो उजव्या.

यांना ते कधीच पटलं नाही. म्हणायचे, "उलटी नावं ठेवलीस."

"उलटे तुम्ही बसता," मी म्हणायचे. "शेपटीकडून जग बघायची हौस तुम्हाला."

"अगं, घोडा कुणी तोंडाकडून मोजतं का?"

हे भांडण आमच्या घरात मीठमिरचीसारखं रोज लागायचं. शेवटी जिंकले मीच. घोडं ओ देतं ते चारा घालणाऱ्याला, हाकणाऱ्याला नाही.

धुलाईखाना बंद पडला तेव्हा दोन्ही घोडे आमच्या घरामागच्या कुरणात आले. पुढे हे गेले. उजव्या कानाने ठार बहिरे होते, म्हणून जन्मभर माझ्या उजव्या अंगाला राहिले. रस्त्यात, बाकावर, पलंगावर, सगळीकडे. चांगला कान माझ्याकडे, वाईट कान जगाकडे. आता पलंगाच्या त्या बाजूला घडी घातलेले कपडे झोपतात. कपाटात जागा आहे, पण मला ते तिथेच बरे वाटतात आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही.

तर डाव्या गेला आणि उजव्याने खाणं टाकलं. फाटकापाशी जाऊन उभा राहायचा, तोंड रस्त्याकडे, जिथून ती गाडी गेली तिकडे. मधूनच खिंकाळायचा आणि कान टवकारून उत्तराची वाट बघायचा. उत्तर देणार कोण? घराकडे त्याची शेपूट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिवसभर तेवढीच दिसायची.

जनावरांची डॉक्टरीण आली. तरुण पोरगी, गुडघ्यापर्यंत बूट. "काळजी करू नका हं, आजी," म्हणाली.

"मी तुझी आजी नाही. घोड्याला बघ."

हसली आणि कामाला लागली, म्हणून मला आवडली. हिरड्या पाहिल्या, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "पोट चालू आहे, पण संथ. घोडा उपाशी राहिला की आतडी अडतात, आणि या वयात ते झेपायचं नाही. पाणी पितो का बघा, लीद बघा, चारा भिजवून थोडा थोडा द्या. जागा बदलू नका. आणि सोबत हवी त्याला. कुठलंही जनावर चालेल, फक्त एकदम अंगावर सोडू नका, आधी मध्ये कुंपण राहू द्या."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर आपल्याला बसून बोलावं लागेल," ती म्हणाली. काय बोलावं लागेल ते मला कळलं.

तिकडे जावयांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं. लांब एका ठिकाणी लोकांना घोड्यावर बसायला शिकवतात, तिथे पुष्कळ घोडे आहेत, ते उजव्याला घ्यायला तयार होते. गाडी रविवारी सकाळी येणार. लेकीने फोनवर सांगितलं, "आई, तिथे त्याला मित्र मिळतील."

"या वयात मित्र? त्या तरण्याबांड घोड्यांत तो कोपऱ्यात उभा राहून मरेल. डॉक्टरीण म्हणाली, जागा बदलू नका."

"मग तिथे तुझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरू दे का?"

हे मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. पण दुसरंही काही खोटं नव्हतं. आधी घोडा जाणार, मग रिकामं कुरण कशाला म्हणून कुरण जाणार, मग एकटी कशाला म्हणून मी. लेकीच्या घरी माझ्यासाठी एक खोली रंगवून तयार होती, पडदेसुद्धा निवडून झाले होते. लेक मायेने करते, हीच तर पंचाईत. दुष्टपणाने केलं असतं तर तिला केव्हाच वाटेला लावलं असतं.

"रविवारपर्यंत त्याने तोंड हलवलं नाही तर मी स्वतः त्याला गाडीत चढवीन," मी म्हटलं. "पण हलवलं तर गाडी रिकामी जाईल आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

लेकीने कबूल केलं. माझी जिरेल अशी तिची खात्री असावी.

आमच्याकडे नाल ठोकायला येतो त्याच्या अंगणात एक गाढवीण होती. करडी, पोट सुटलेली, कुणाला वाट न देणारी. सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे. मी नालवाल्याला निरोप धाडला, तर दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन हजर. दारातूनच ओरडला, "काय मावशी, अडला हरी..."

"...गाढवाचे पाय धरी. धरते बाबा, चारही धरते. बांध तिला."

तो बांबू आणि दोर घेऊन कुरणात गेला. मी आत फोनवर, लेकीशी दुसरी फेरी चालू. तेवढ्यात त्याची हाक आली, "मावशी, हिला कुठे ठेवू?"

"डाव्याच्या जागी!" मी खिडकीतून ओरडले आणि पुन्हा फोनकडे वळले.

भांडण संपवून पाहिलं, तर उजव्या फाटकाशी नेहमीसारखा उभा, शेपूट माझ्याकडे, आणि त्याच्या डावीकडे, तो आणि बाजूचं कुंपण यांच्यामध्ये, बाईसाहेबांचा छानसा बांबूचा आडोसा. म्हटलं, डाव्याची जागा, डावीकडे, झकास. नालवाला नवा होता. ही जोडी गाडीला जुंपलेली त्याने कधी पाहिली नव्हती. पण मी तर पाहिली होती ना! अक्कल गहाण ठेवून खिडकीशी उभी होते झालं.

उजव्याला ते अजिबात चाललं नाही. गाढविणीचा वास आला तसे कान मागे पाडले. मग जागच्या जागी वळला, तोंड घराकडे, शेपूट रस्त्याकडे. जरा थांबला. वाटलं, बसली घडी. पण लगेच पुन्हा रस्त्याकडे वळला, पुन्हा कान मागे, पुन्हा घराकडे. दिवसभर हेच. पायाखालच्या गवताचा चिखल झाला. बाईसाहेब मजेत चरत होत्या आणि आमचं घोडं घाण्याला जुंपल्यासारखं गरगर फिरत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"मावशी, ही त्याला पसंत नाही," नालवाला म्हणाला. "उगाच म्हाताऱ्याला छळ. घेऊन जातो परत."

"खबरदार तिला हलवलीस तर. रविवारी ये, मग बघू."

मी भिजवलेल्या चाऱ्याची बादली घेऊन त्याच्या डाव्या अंगाला उभी राहायचे. घोड्याच्या डाव्या अंगानेच जावं, हे कुणीही सांगेल. तो एखादा घास तोंडात घ्यायचा, विसरून जायचा, घास खाली पडायचा. मग मी त्याला रागवायचे. "माझ्याकडे बघ. हे गेले तेव्हा मी जेवले नाही? जेवले. रडत रडत जेवले, पण जेवले. समोरच्या बाईने आणून दिलेली ती कच्ची खिचडीसुद्धा जेवले. तू काय मोठा लागून गेलास?" तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहायचा. कधी मी रागवायचं सोडून त्याच्या मानेला टेकून नुसती उभी राहायचे. कुणाला वाटेल घोड्याला धीर देत होते. मलाच उभं राहवत नव्हतं.

रविवार उजाडला. पाणी प्यायला होता, बाकी काही नाही. गाडी आली ती उलटी मागे येत, फाटकाकडे पाठ करून, थोडं अंतर सोडून थांबली. पुढून जावई उतरले, मागोमाग लेक. तिने माझी आवडती बिस्किटं आणली होती. माझी समजूत काढायची असली की ती बिस्किटं आणते. नालवालाही आला होता, बाईसाहेबांना परत न्यायला. सगळे आपापलं सामान आवरायला आल्यासारखे, आणि सामान म्हणजे आम्ही.

"आई, तू कबूल केलं होतंस," लेक म्हणाली.

केलं होतं. शब्द फिरवणाऱ्यातली मी नाही. पण रविवार अजून संपला नव्हता, हेही तितकंच खरं. मी फाटकातून बाहेर रस्त्यावर आले, फाटक ओढून घेतलं, गाडीकडे पाठ केली आणि वरची दांडी धरून उभी राहिले.

"संध्याकाळपर्यंत रविवार आहे," मी म्हटलं. "तोवर गाडी आत न्यायची तर माझ्या अंगावरून न्या."

"काकू, अशाने माझा दिवस जातो हो," घोडा न्यायला आलेला गाडीवाला म्हणाला.

"जाऊ दे. एक दिवस गेला म्हणून कुणी मरत नाही."

जावयांनी घड्याळाकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर, हाताच्या अंतरावर, उजव्याचं लांब थकलेलं तोंड होतं. इतक्या दिवसांत मी घराकडूनच कुरणात जात होते, मागून नाहीतर बाजूने. समोरून अशी आज पहिल्यांदाच उभी होते. खिशात गाजरं होती. मी दोन्ही खिशांतून दोन काढली आणि पूर्वी रोज घालायचे तसे दोन्ही हात फाटकाच्या गजांतून आत घातले. उजवा हात उजव्याच्या तोंडाशी गेला. डावा हात डाव्याच्या तोंडाशी गेला, आणि तिथे कुणी नव्हतं. नुसती हवा. गाढवीण पार पलीकडे, माझ्या उजव्या हाताच्याही पुढे, कुंपणाला चिकटून उभी.

मी हातातल्या गाजराकडे बघत राहिले. मग मला हसू फुटलं. असं फुटलं की दांडी धरावी लागली.

"आईंना काहीतरी होतंय," जावई म्हणाले.

"नालवाल्या!" मी ओरडले. "ती गाढवीण या बाजूला आण! आधी आण, मग दात काढ!"

"मावशी, डाव्याची जागा म्हणालात ना? डावीकडेच तर आहे."

"शेपटीकडून डावीकडे आहे. तोंडाकडून बघ, तोंडाकडून!"

तो आ वासून म्हणाला, "घोडा कुणी तोंडाकडून मोजतं का?"

हे जाऊन इतका काळ लोटला, तरी शेवटी भांडायला कुणाला तरी पाठवलंच. "मी मोजते," मी म्हटलं. "माझा डाव्या त्याच्या उजव्या अंगाला चालायचा. जन्मभर! त्याच्या उजवीकडे भोक पडलंय आणि आपण डावीकडे ठिगळ लावतोय. तो बिचारा वळून वळून सांगत होता. वळलं की गाढवीण उजवीकडे यायची, पण मग रस्ता दिसेना. रस्त्याकडे बघावं तर ती पुन्हा भलत्याच बाजूला. करणार काय तो? फिरत बसला!"

नालवाल्याने डोक्याला हात लावला. मग बांबू उपसले, बाईसाहेबांना म्होरकीला धरून उजव्याच्या मागून फिरवलं आणि त्याच्या उजव्या अंगाला आणून उभं केलं. मध्ये एकच बांबू आडवा धरला. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं.

उजव्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या डाव्याच्या निम्मीही नव्हती. तिने त्याच्या खांद्याचा वास घेतला, काही विशेष वाटलं नाही म्हणून नाक फेंदारलं, आणि त्याच्या पायाशीच गवत ओरबाडायला लागली. कर्र कर्र आवाज करत. उजव्या वळला नाही. तोंड रस्त्याकडेच ठेवलं, पण एक कान तिच्याकडे गेला. मग त्याने एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या हाताला ऊब लागली. मान खाली घातली. गवत हुंगलं. तोडलं.

चावतोय की टाकतोय, ते आम्ही पाचही माणसं डोळे फाडून बघत होतो. घास चावला. गिळला.

"एका घासाने काय होतंय," जावई हळूच म्हणाले. "योगायोगही असू शकतो."

"मग दुसरा बघा."

दुसरा त्यांनी पाहिला. तिसरा पाहताना तेही फाटकावर वाकले होते, आणि घड्याळ बाहीत गेलं होतं.

पुढे डॉक्टरिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, असेल किंवा नसेलही, भूकही अनावर झाली असेल, आणि ओळख व्हायला गाढविणीला तेवढे दिवस मिळालेच होते. असं सरळ बोलणारी माणसं मला चालतात. पण बाईसाहेबांची बाजू मी बदलून पाहिली नाही, आणि कुणाला बदलू देणारही नाही.

गाडीवाला म्हणाला, "काकू, मग मी रिकामाच जाऊ?"

"जा. आणि ही बिस्किटं घेऊन जा."

जावई त्याला वळायला मदत करू लागले. लेक माझ्याजवळ येऊन फाटकाला टेकली. माझ्या डावीकडे. आमच्या घरात सगळे माझ्या डावीकडेच उभे राहतात. उजवी बाजू कुणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"घोड्याचं झालं," ती म्हणाली. "आता तुझं. आई, ती खोली..."

"आधी इकडे ये."

"इकडे म्हणजे?"

"या बाजूला. उजवीकडे."

ती घुटमळली. "ती बाबांची..."

"होय, त्यांचीच. ते काही परत येत नाहीत, आणि मी कुठे जात नाही. ना तुझ्या खोलीत, ना कुणाच्या. तुला माझी काळजी वाटते ना? मग मला उचलून न्यायच्या गोष्टी करू नकोस. इथे येऊन उभी राहत जा. जागा रिकामी आहे."

लेक माझ्या मागून फिरून उजवीकडे आली. खांद्याला खांदा लागला. त्या बाजूला किती दिवसांनी काही लागलं. आत दोन्ही जनावरं चरत होती आणि आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. खोलीचं नाव तिने काढलं नाही.

मग म्हणाली, "पलंगावरचे ते कपडे मी उचलू का? आज राहते इथेच."

"उचल. कपाटात भरपूर जागा आहे."

आम्ही आत गेलो. तिने कपडे कपाटात लावले, मी पलंगावरची चादर ओढून काढली. दोन वर्षं मी चादरीची घडी एकटीच घालत होते, हनुवटीखाली धरून, वेडीवाकडी. धुलाईखान्यातल्या बायकांनी पाहिलं असतं तर तोंडात शेण घातलं असतं. मी लेकीला समोर उभी केली आणि घडी घालायच्या राहिलेल्या धुतलेल्या चादरीचं दुसरं टोक तिच्याकडे फेकलं.

"डावं टोक वर घे."

"कुणाचं डावं?" तिने विचारलं.

"माझं," मी म्हटलं. "या घरात डावं माझंच असतं."